डॉरथीचे चार पौंड

सोम. २७ ऑक्टो.

डॉरथीचं वजन ९१ पौंड. जुलैत खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा १०८ होतं. पुढची तपासणी २१ नोव्हेंबरला, तोवर निदान ९५ हवं, असं डॉक्टरांनी बजावलं. परत येताना गाडीतच तिच्या मुलीचा, लिंडाचा, ओहायोहून फोन आला. स्पीकरवर. ९५ झालं नाही तर मॉम माझ्याकडे येणार, वृद्धांच्या असिस्टेड लिव्हिंगमध्ये खोली बघून ठेवलीय, घर विकायला काढू. लिंडा वाईट नाही, घाबरली आहे. डॉरथी माझ्या शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होती. दुसऱ्याच कोणाबद्दल बोलणं चाललंय असा चेहरा.

कॅरी गावातल्या या गल्लीत ती आमच्याही आधीपासून. पंचेचाळीस वर्षं एकाच घरात. ओहायोत महिनाभरही टिकायची नाही, हे मला स्वच्छ दिसतंय.

चार पौंड, पंचवीस दिवस.

वरण, मऊ भात, टोमॅटोचं सार, शिरा, सगळं नेऊन झालं. दोन घास खाते, "लव्हली, स्यू" म्हणते (सुलभाचं स्यू तिनेच केलं), की बाउल बाजूला. आज दारातच अडवलं. खरं सांग, काय खाशील? आधी काही नको म्हणाली. मग अगदी हळू, "मदर्स गूलाश." आणि लगेच, "नेव्हर माइंड, स्यू. इट्स बीफ."

मंगळ. २८

गूलाशचं कार्ड सापडलं. तिच्या आईच्या हातचं, पत्र्याच्या डबीत. बीफचा खिमा, कांदा, टोमॅटोचा डबा, मॅकरोनी. सगळं एकाच भांड्यात. प्रमाण कशाचंच नाही. मिठापुढे लिहिलंय "इनफ". म्हणजे आपल्या बायकांसारखंच.

नवऱ्याला, श्रीला, जेवताना सांगितलं. त्याचा घास हातातच.
"आपल्या घरात?"
"नाही. तिच्या घरात, तिच्या भांड्यात."
"तू हात लावणार?"
"ग्लोव्हज आहेत."
"सुलभा, एवढी माणसं आहेत, चर्च आहे तिचं…"
चर्चवाल्यांनी ओव्हनमध्ये भाजलेले दोन कॅसरोल आणून दिले, तसेच फ्रीजमध्ये पडून आहेत. मी त्याला मार्शमेलोची आठवण करून दिली. आम्ही दोघं नोकरीवर, आमची मीरा शाळेतून सुटली की डॉरथीकडे. अकरा वर्षं. मीरा सहा वर्षांची असताना डॉरथीने गल्लीतल्या सगळ्या पोरांना मार्शमेलो दिले, मग पाकिटावर जिलेटिन, म्हणजे जनावरांच्या हाडांचं, वाचलं आणि सगळ्यांच्याच हातातले काढून घेतले, मीराला एकटं वाटू नये म्हणून. अकरा वर्षांत त्या पोरीच्या तोंडात मांसाचा कण गेला नाही. आमचा नियम तिने पाळला, आम्ही समोर नसताना.

 श्री ताट धुताना म्हणाला, "दुकानात मी सोडीन. आत येणार नाही."

बुध. २९

मांसाचा काउंटर. या देशात चौतीस वर्षं त्याच्यासमोरून दूध आणायला जातेय, थांबले आज पहिल्यांदा. ८०-२०, ९०-१०, मला वाटलं काही सवलत असेल. मांस आणि चरबीचं प्रमाण ते. काउंटरवरच्या माणसाला सांगितलं, वजन वाढवायचंय. "देन एटी-ट्वेंटी, मॅम." पाकीट दोन पिशव्यांत घातलं. हातात थंडगार. 

श्री गाडीत. पिशवी मागे ठेवली तर काच खाली केली. बाहेर पाऊस, तरी उघडीच ठेवली.

गुरु. ३०

बॅच १. डॉरथीचं लाल जड पातेलं, तिची शेगडी, तिचाच झारा.

चव बघायची नाही हे आधीच ठरलेलं. त्याची मला भीती नव्हती. नैवेद्याचा स्वयंपाक कोण चाखतं? पहिल्याच गणपतीला सांगलीत सासूबाईंनी सांगितलं होतं, मीठ हाताला कळलं पाहिजे, जिभेला विचारायचं नाही. तेव्हापासून दर वर्षी पुरण, मोदक, कटाची आमटी, सगळं न चाखता केलं. मीठ एकदाही चुकलं नाही. ज्या नियमाने देवाचं, त्याच नियमाने डॉरथीचं.

पण हात सवयीने गेला. तेल तापलं की हिंग पडला. कळेपर्यंत पडूनही गेला होता. आणि मॅकरोनी सुरुवातीलाच टाकली, खिचडीला तांदूळ टाकतात तशी. वर आधणाचं पाणी घालत बसले. खळ झाली नुसती. खिमा मात्र थर्मामीटर लावून, १६० फॅरनहाइटच्या वर.

डॉरथी वॉकर टेकत आली. "स्मेल्स लाइक युअर हाउस, स्यू." तीन चमचे.

रवि. २ नोव्हें.

बॅच २. हिंग नाही. खिमा आधी कोरडा परतला, चांगला खमंग तपकिरी होईपर्यंत, मग कांदा, लसूण, टोमॅटो, पाणी. मॅकरोनी शेवटची दहा मिनिटं. दाणा न् दाणा उभा राहिला. दिसायला कार्डाच्या मागे चिकटवलेल्या फोटोसारखं.

डॉरथीने पाच-सहा चमचे खाल्ले. "गुड. नीड्स सॉल्ट."

हाताचा अंदाज इथे चुकला म्हणायचा. अमेरिकन हात नाही माझा.

मंगळ. ४

बॅच ३. मीठ वाढवलं. शिवाय बीफच्या अर्काच्या दोन वड्या टाकल्या, पाकिटावर लिहिलं होतं स्वाद येतो. वर किसलेलं चीज. अर्धा बाउल संपला! परत तेच, "मे बी अ लिटल मोअर सॉल्ट."

ग्राहकाची तक्रार वहीत नोंदवली. तीस वर्षं औषधांच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलमध्ये काढली, सवय जाते थोडीच.

घरी आल्यावर आधी आंघोळ, मग स्वयंपाक. श्रीने सांगितलं नव्हतं. मीच.

शनि. ८

बॅच ४. मीठ आणखी. वड्या तीन. डॉरथी पूर्ण बाउल जेवली, पाणीही भरपूर प्यायली. वजन ९३.

मीराचा सनीव्हेलहून व्हिडिओ कॉल. तिला पातेलं दाखवलं. हसून लोळायची बाकी.
"आई, हू आर यू? आणि टेस्ट कसं करतेस?"
"नाही करत."
"दॅट्स इन्सेन. यू कॅन्ट कुक लाइक दॅट."
तुझ्या सगळ्या वाढदिवसांचे श्रीखंड-पुरी असेच झालेत, म्हटलं. आधी देवाला, मग तुला. 

बुध. १२

९५.२!!

काटा दोनदा शून्यावर आणून बघितला. ९५.२. लिंडाला फोन केला, ती रडली. डॉरथीने दोन्ही हात वर केले, एका पायावर भार नको म्हणून मी ओरडले. श्रीलाही आनंद झाला, लपवत होता. म्हणाला, "आता तुझी गूलाश फॅक्टरी बंद का?" म्हटलं, २१ पर्यंत चालणार, तिथे डॉक्टरांच्या काट्यावर दाखवायचंय. डॉरथी म्हणते चपला घट्ट होताहेत. अंग भरतंय, म्हटलं.

बऱ्याच दिवसांनी स्वतःची पाठ थोपटली. जमवलंच.

शुक्र. १४

कुठून सुरू करू.

लिंडा न कळवता आली, आईला आनंद द्यायला. फ्रीजमधलं गूलाश गरम करून एक चमचा तोंडात घातला आणि सिंकमध्ये थुंकला. "ओह माय गॉड. सुलभा, धिस इज प्युअर सॉल्ट."

दुपारी घरी येणारी नर्स आली. डॉरथीच्या घोट्यावर अंगठा दाबला. खड्डा पडला. भरूनच येईना. बीपी १७८. वाढलेलं वजन म्हणजे अंगात साठलेलं पाणी. मिठाने.

पाणी. मी चार पौंड पाणी वाढवलं तिच्या अंगात आणि फोन करकरून लोकांना सांगितलं.

डॉक्टरांनी लघवीच्या गोळ्या दिल्या. मीठ पूर्ण बंद. लिंडा मला दारापर्यंत सोडायला आली. ओरडली असती तर बरं झालं असतं. "यू हॅव डन इनफ," एवढंच म्हणाली, अगदी सौम्यपणे.

शनि. १५

हात दाखवून अवलक्षण.

काल रात्रभर हिशेब मांडला. टोमॅटोच्या डब्यात मीठ. अर्काच्या वड्यांत तर मीठच मीठ. चीजमध्ये मीठ. वर माझा हात. सासूबाईंच्या स्वयंपाकघरात डबाबंद काही नव्हतं, मीठ एकाच बरणीतून पडायचं, म्हणून हाताला कळायचं. हे मला कळू नये? आयुष्यभर दुसऱ्यांच्या लेबलांवर लाल शाईने खुणा केल्या, आणि डॉरथीच्या ओट्याशी उभी राहिले की मी सांगलीची सून. तपासणीशिवाय एक बॅच कधी बाहेर सोडली नाही मी. साहेब डोक्यावर उभे राहिले तरी नाही. आणि इथे चार सोडल्या.

लाज वाटते. रागही येतो, स्वतःचाच.

श्री म्हणाला, "झालं ते झालं. तू मनापासून केलंस. आता सोड."
"सोडू कशी? बिघडवलंय मी. मीच निस्तरणार."
"सहा दिवसांत?"
"सहा तर सहा."

रवि. १६

वजन ८९.८. सुरुवातीहूनही खाली. घोटे उतरले, बीपी बरं. लिंडाला उद्या ऑफिस, ती ओहायोला परत गेली. गुरुवारी येणार, शुक्रवारी डॉक्टर. जाताना किल्ली माझ्या हातात दिली. शेजारी दुसरं आहे कोण.

ती गेल्यावर डॉरथीसमोर खुर्ची ओढून बसले. एवढं खारट, तर मीठ का मागत होतीस? तिने मांडीवरचा रुमाल चारदा घडी केला. मग सांगितलं. हॉस्पिटलमधून आल्यापासून तिला वास येतो, पण चवच लागत नाही. कशाचीच नाही. कॉफी म्हणजे गरम पाणी. गूलाश आठवलं कारण त्याची चव अजून डोक्यात आहे, वाटलं तेवढं तरी लागेल. लागलं नाही, म्हणून मीठ मागत गेली.

"आधी का नाही सांगितलंस?"
"यू लुक्ड सो हॅपी विथ दॅट स्पून."

चिडले मी. आजारी बाईवर चिडू नये, पण चिडले. म्हटलं, मला खूश करायला तू चार दिवसांत हॉस्पिटलला पोचली असतीस. ती म्हणाली, मग तू तुझ्या देवाला सोडून माझ्यासाठी मांस का शिजवतेस? म्हटलं, देवाला सोडलेलं नाही, त्याला सांगून येते रोज.

दोघी हसलो. मग ती रडली.

थोडक्यात, करणारी चाखत नाही आणि खाणारीला कळत नाही. असा कारखाना मी तर एका दिवसात बंद पाडला असता.

मंगळ. १८

बॅच ५. बिनमिठाचे टोमॅटो, लेबल तीनदा वाचून. वड्या बाद. खिमा दीडपट, चरबीचा रस तसाच ठेवला, गाजर किसून, मिरी, शेवटी व्हिनेगर. टोमॅटोचे छोटे डबे रविवारच्या बॅचसाठी चार जास्तीचे घेतले, तिच्या कपाटात ठेवले. रविवारी ती इथेच असणार, असं धरून चाललेय मी.

तिने चमचा उचललाच नाही. म्हणाली, ओला कागद चावायचा कंटाळा आला, स्यू. मग म्हणाली, तू सांग ना कसं लागतंय. मी वासाचं सांगायला लागले. "नो. इन द माउथ."

तुला माहितीये मी खात नाही, म्हटलं.

तिचा चेहरा एकदम उतरला. "ऑफ कोर्स. आय एम सॉरी. आय शुड नेव्हर हॅव आस्क्ड." दोनदा, तीनदा सॉरी. बाउल सरकवून दिला. तशीच झाकण लावून आले.

अकरा वर्षं जिने आमचा नियम पाळला तिला, नियम मोडायला सुचवलं म्हणून, माझी माफी मागावी लागली. हे मला आज सहन झालं नाही.

बुध. १९

चाखलं.

सकाळी पूजा करताना देवाला सांगितलं, आज हे करणार आहे. परवानगी मागितली नाही. सांगितलं.

वाटलं होतं नुसता रस घेईन. पण एकाच भांड्यात सगळं शिजलेलं, नुसता रस असं काही त्यात नसतंच. मग चमचा नीट भरला. मॅकरोनी, खिमा, सगळं. डॉरथी माझ्या तोंडाकडे बघत.

आवडलं नाही. खोटं कशाला लिहू. घशाखाली उतरताना डोळ्यांत पाणी आलं. पण चव होती. सांगत गेले. आधी आंबट. मग गोडसर. मग काहीतरी जड, जिभेवर बसून राहणारं, त्याला माझ्याकडे शब्द नाही.

"स्वीट?" डॉरथी ताठ झाली. "मदर नेव्हर पुट शुगर." साखर नाही, गाजर आहे. गाजर! तिच्या आईने आयुष्यात गाजर घातलं नसतं. म्हटलं, घातलंय मी, बघ खरंच गोड लागतं का. तिने चमचा भरला. कळलं तर काहीच नाही, पण भांडायला भरला. "अँड आफ्टर द स्वीट?" मी दुसरा घास घेतला. कांदा, म्हटलं, थोडा करपलेला. हां, ते बरोबर, मदर नेहमी करपवायची, एक कान रेडिओकडे. तिसरा घास. मिरी. डॉरथीचा आणखी एक चमचा. असं करत माझे सहा घास आणि तिचा बाउल रिकामा. मीठ एकदाही मागितलं नाही तिने.

संध्याकाळी श्रीला सांगितलं. लपवण्यातली मी नव्हे. त्याने टीव्ही बंद केला.  मग विचारलं, "त्रास झाला?"
"झाला."
"उद्या परत?"
"हो."
"मग पोटात काही घालून जा. रिकाम्या पोटी नको." आणि उठून स्वतः भात लावला. एवढ्या वर्षांत मोजून पाचव्यांदा लावला असेल.

गुरु. २०

दुपारी बाउलभर आणि वर पाव. रात्री परत अर्धा. मी चार घास. आज तिने मला सांगितलं, मधला जड स्वाद आहे ना, तो तिच्या वडिलांच्या कोटाच्या वासासारखा. असेल. मी तेच लिहून घेतलं.

काटा ९०.९. चार दिवसांत पौंडभर, आणि घोट्यावर अंगठा दाबून बघितला, खड्डा नाही. हे खरं वजन आहे. पण उद्याचं ९५ काही होत नाही. डॉरथीला कागदावर मांडून दाखवलं. तिने कागद घेतला, उलटा ठेवला.

लिंडा पोचली. विमानतळावरूनच फोन, उद्या साडेदहाला निघू, तिघी. खोलीचं ॲडव्हान्स भरायला सोमवारपर्यंत मुदत आहे म्हणाली.

शुक्र. २१

क्लिनिकच्या बाहेरच्या खोलीतून लिहितेय. वही पर्समध्ये होती म्हणून बरं.

सकाळी मॅकरोनी काढायला डॉरथीचं कपाट उघडलं तर टोमॅटोचे चारही छोटे डबे गायब. वाटलं लिंडाने आवरले. मग डॉरथी खोलीतून बाहेर आली, गेलेल्या नवऱ्याचा लोकरीचा कोट घालून. बाहेर पासष्ट डिग्री फॅरनहाइट, कोटाची हवाच नाही. लिंडा म्हणाली, मॉम, उकडेल. "आय एम कोल्ड." गाडीत बसवताना कोटाचा खिसा माझ्या हाताला लागला. टणक. दुसराही.

सगळी वाट मी मनात वजनाचा हिशेब केला. लिंडा चालवत होती, मागे आम्ही दोघी. डॉरथीने एकदा माझा हात दाबला. दोन पौंड असतील डब्यांचे. कोट आणि बूट धरून तीन-साडेतीन. ९५ च्या अगदी जवळ. कोणी कोट काढायला लावला नाही तर.

मला हवंय ती इथेच राहायला. तिच्याइतकंच हवंय. आणि लिंडा तर आकडाच बघणार आहे. गप्प बसणं किती सोपं होतं.

नर्सने दार उघडून नाव पुकारलं. लिंडा वॉकर सरळ करायला वाकली. मी उठले.
"डॉरथी, कोट दे. मी धरते."
तिने खिसे दोन्ही हातांनी धरले. माझ्याकडे असं बघितलं की मला परत खाली बसावंसं वाटलं.
"स्यू. प्लीज."
"एकदा खोटं वजन बघून मी आनंदाने नाचलेय," मी हळूच म्हटलं. "परत नाही नाचणार. दे. खरं सांगू. चार दिवसांत पौंड वाढलाय, तो दाखवू. आणखी चार आठवडे मागू. लिंडाला मी सांगते, डॉक्टरांना मी सांगते, माझी वही आहे."
"अँड इफ दे से नो?"
मी हात पुढेच ठेवला. 

तिने एक एक बटण काढलं. पाच. लिंडाला वाटलं उकडलं असेल. कोट माझ्या हातावर टाकताना म्हणाली, "यू आर अ हार्ड वूमन, स्यू."

आत गेल्या. वीस मिनिटं झाली. नंतर लिंडा एकदा बाहेर येऊन माझी वही मागून घेऊन गेली, म्हणून हे शेवटचं पावतीच्या मागे लिहितेय. पाचव्या बॅचचं पान उघडून दिलं तिला. चवीचं सगळं मराठीत आहे, डॉक्टरांना काय कळणार. आकडे तरी कळतील. विचारलं तर आत जाऊन वाचून दाखवीन, शब्द न् शब्द.

कोट मांडीवर घेऊन बसलेय. भलताच जड आहे.